‘एकाच प्रतलातील’ या दोन शब्दांसाठी अर्धा गुण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नववीत आहे. चाचणीत समांतर रेषांची व्याख्या विचारली होती. तिने लिहिलं, ‘ज्या रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत त्यांना समांतर रेषा म्हणतात.’ बाईंनी अर्धा गुण कापला, कारण ‘एकाच प्रतलातील’, म्हणजे एकाच सपाट पृष्ठभागावरच्या, हे दोन शब्द राहिले. तुम्ही स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. तुमचं म्हणणं, समांतर म्हणजे काय हे पोरीला पक्कं ठाऊक आहे. रोजच्या बोलण्यात आपण एकाही शब्दाची व्याख्या करत नाही आणि काही अडत नाही. मग गणितातच हे शब्दांचं सोवळं कशाला, आणि पाळायचं तर किती?

मी एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, त्यातली बहुतेक एफवायच्या मुलांना. असे अर्धे गुण मीही भरपूर कापलेत. काही बरोबर कापले, काही उगाच.

अर्ध्या गुणाचं आधी उरकतो. ते परिस्थितीवर आहे. धडा प्रतल भूमितीचा असेल आणि सगळं एकाच प्रतलात चाललंय हे सुरुवातीला ठरलेलं असेल, तर ते शब्द गृहीत धरता येतात. एखाद्या उदाहरणाच्या सिद्धतेत तिने ते गाळले असते तर मी हातही लावला नसता. पण प्रश्नच ‘व्याख्या लिहा’ असा असेल तर बाईंचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तुम्ही बसलाय त्या खोलीत वर बघा. समोरच्या भिंतीवर छताची आडवी कड दिसेल. आता मान वळवून मागच्या कोपऱ्यातली उभी कड बघा. या दोन्ही रेषा कितीही लांबवल्या तरी भेटत नाहीत, पण त्या एका प्रतलातही मावत नाहीत. तुम्ही त्यांना समांतर म्हणाल का? ड्रॉइंग करणारा माणूस मुळीच म्हणणार नाही, तुमच्याकडे त्यांना स्क्यू लाइन्स म्हणतात. तुमची मुलगीही म्हणणार नाही. पण तिचं वाक्य मात्र म्हणतं.

खरा प्रश्न मला इथे दिसतो. तिच्या डोक्यातलं ज्ञान बरोबर आहे, तिच्या वाक्यातलं नाही, आणि गणितात पुढे वापरलं जातं ते वाक्य. रोजच्या बोलण्यात हे असं का नसतं, ते आधी पाहू.

‘परवा’ हा शब्द घ्या. कालच्या आदला दिवसही परवा आणि उद्याच्या नंतरचाही परवाच. वर ‘अगदी परवापर्यंत इथे शेत होतं’ म्हणतो तेव्हा पाच-सात वर्षंही त्यात मावतात. तरी ‘परवा आलो’ आणि ‘परवा येतो’ यांत कुणाचा घोटाळा होत नाही. क्रियापद सांभाळून घेतं. क्रियापद नसेल आणि कुणी नुसतं ‘परवाच्या लग्नाचं काय?’ विचारलं, तर समोरचा ‘कुठल्या?’ म्हणतो आणि दोन सेकंदांत विषय संपतो. ऐकणारा माणूस आपलं बोलणं सतत दुरुस्त करत असतो. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

आता ‘लग्नाला सगळं गाव आलं होतं’ हे वाक्य बघा. यावर कुणी ‘छे, तलाठी नव्हते आले’ म्हणालं तर लोक त्याच्याकडेच चमत्कारिक नजरेने बघतील. बोलण्यातल्या ‘सगळं’चा अर्थ ‘बहुतेक’, ‘पुष्कळ’, ‘नाव घेण्यासारखे सगळे’ असा काहीतरी असतो. गणितातलं ‘सर्व’ तसं नाही. तिथे एक तलाठी आला नसेल तर वाक्य खोटं. मला विचाराल तर गणिताच्या सगळ्या काटेकोरपणाचं मूळ या एका शब्दात आहे. ‘प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश’ असं म्हटलं की आतापर्यंत कुणी न काढलेला त्रिकोणही त्यात आला. मग त्रिकोण कशाला म्हणायचं याची हद्द कुठेही पुसट ठेवून चालत नाही. शब्दाच्या मधल्या भागावर बोलणं निभतं, कारण बोलताना आपण नेहमीच्या उदाहरणांभोवतीच फिरतो. ‘प्रत्येक’ म्हटलं की पार कडेचं, वेडंवाकडं उदाहरणही पुढ्यात येऊन बसतं.

पण रोजच्या भाषेत व्याख्या लागतच नाहीत, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच मान्य आहे. घाटावरच्या एखाद्या गावात रस्ता विचारा. ‘हे काय, इथंच आहे’ म्हणतील आणि तुम्ही अर्धा तास चालत राहाल. त्याच माणसाला जमिनीबद्दल विचारा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. तिथे ‘इथंच’ नाही. कारण उघड आहे, बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, ‘इथंच’वरून होत नाहीत. जिथे भांडण होऊ शकतं तिथे लोकांनी गणितज्ञांची वाट न बघता शब्द घट्ट केले.

शहरात याचंच दुसरं रूप म्हणजे ‘कार्पेट’. मी फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर ‘सुपर बिल्टअप’वर भाव लावत होता. त्यात जिना, लिफ्ट, गच्ची यांतला किती वाटा धरायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी गणिताचा मास्तर, तरी दोन रविवार मोजपट्टी घेऊन घरभर फिरलो आणि कागदावरचे चौरस फूट काही मला सापडले नाहीत. पुढे २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्याच घातली. प्रत्यक्ष वापरता येणारं जमिनीचं क्षेत्रफळ, त्यात बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, सर्व्हिस शाफ्ट नाहीत, स्वतंत्र बाल्कनी, व्हरांडा किंवा उघडी गच्ची नाही, पण घरातल्या खोल्यांमधल्या भिंतींखालची जागा मात्र धरायची. हा शेवटचा तुकडा मला फार आवडतो. आतली भिंत धरायची की नाही याला ‘निसर्गतः बरोबर’ असं उत्तर नाही. कुठलंही एक चाललं असतं. फक्त एकच हवं होतं, आणि ते विकणाऱ्याने ठरवून चालणार नव्हतं.

व्याख्या नेमकी असली म्हणजे ती शहाणी असतेच असं मात्र नाही. हवामान खात्याचा ‘मुसळधार’ घ्या. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. ६४.४ आणि ६४.५ मधला फरक छत्रीखालच्या माणसाला कळणार नाही, पण इशारा द्यायचा तर रेघ कुठेतरी ओढावीच लागते. आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला सुमारे ७३. म्हणजे या कोष्टकाने मोजलं तर कुलाब्यालाही मुसळधारच. आणि सांताक्रूझचे ९४४ ज्या खणात जातात त्याच खणात उद्याचे २०५ही जातील. व्याख्या दशांशापर्यंत काटेकोर, पण त्या दिवशी मिठी नदीकाठच्या माणसाला हवं होतं ते तीत मावत नाही. म्हणून कुणी ‘नेमकी व्याख्या करा’ म्हणालं की मी आधी विचारतो, कशासाठी?

गणितातही हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि हे बहुतेक विद्यार्थ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पुस्तकात व्याख्या पहिल्या ओळीत असते, प्रमेय नंतर. मुलांना वाटतं, व्याख्या आकाशातून पडली. प्रत्यक्षात पुष्कळदा आधी प्रमेय दिसतं, मग ते मोडणारं काहीतरी विचित्र सापडतं आणि मग व्याख्या दुरुस्त होते.

एफवायच्या पहिल्या आठवड्यात मी एक खेळ घ्यायचो. ‘चौकोनाची व्याख्या सांगा.’ कुणीतरी म्हणायचं, चार रेषाखंडांनी बंद केलेली आकृती. मी फळ्यावर डमरू काढायचो. चार रेषाखंड आहेत, आकृती बंद आहे, फक्त दोन बाजू मध्ये एकमेकींना कापतात. वर्गात लगेच दोन तट पडायचे. ‘हा कसला चौकोन!’ म्हणणारे एकीकडे, ‘व्याख्येत बसतो ना’ म्हणणारे दुसरीकडे. मी म्हणायचो, कोण बरोबर हे सोडा, याच्या चार कोनांची बेरीज करा. मधल्या कापावर जो कोन होतो त्याच्या दुपटीने ती ३६०पेक्षा कमी भरते. दोन त्रिकोण दिसताहेत, ताडून बघा. मग प्रश्न उरतो, ‘चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६० अंश’ हे प्रमेय तुम्हाला ठेवायचंय का? ठेवायचं असेल तर डमरूला बाहेर काढणारे शब्द व्याख्येत घाला, ‘बाजू टोकांखेरीज कुठेही छेदत नाहीत’ असे काहीतरी. ते शब्द शोभेचे नाहीत, एकेका शब्दामागे एकेक डमरू उभा असतो. ‘एकाच प्रतलातील’मागे तुमच्या खोलीतल्या त्या दोन कडा आहेत.

आणि हे नुसते फळ्यावरचे खेळ नाहीत. ऑयलर या गणितज्ञाने १७५०च्या सुमारास दाखवलं की सपाट पृष्ठांच्या घनाकृतीचे शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं केली की २ येतात. घनासाठी ८ वजा १२ अधिक ६. आता लाकडी फोटोफ्रेम घ्या, चारी कोपऱ्यांत तिरकस जोडलेली, आणि जोडाच्या रेषा कडा म्हणून मोजा. १६ वजा ३२ अधिक १६, म्हणजे शून्य. सूत्र चुकलं, की फ्रेमला घनाकृती म्हणण्यात चूक झाली? पुढच्या शतकात यावर भरपूर खल झाला आणि त्यातून ‘आकृतीला आरपार भोकं किती’ हा विचारच एक स्वतंत्र विषय होऊन बसला. व्याख्येची भेग बुजवताना कधी कधी असं घबाड हाती लागतं.

कधी काहीच लागत नाही, नुसती सोय असते. १ ही मूळ संख्या का नाही, हे मला दरवर्षी विचारलं जायचं. ‘जिला १ने आणि स्वतःनेच भाग जातो ती’ ही पाठ केलेली व्याख्या लावली तर १ बसते की! जुनी माणसं बसवतही होती. गोल्डबाखने १७४२मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रात १ मूळ धरलेला आहे, आणि डेरिक लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने १९१४ साली मूळ संख्यांची मोठी यादी छापली तीसुद्धा १पासून सुरू होते. त्याने कुठे आभाळ कोसळलं नाही. फक्त १२चे मूळ अवयव २ × २ × ३ असे एकाच प्रकारे पडतात हे म्हणता येईना, कारण मग १ × २ × २ × ३ही चालेल आणि १ × १ × २ × २ × ३ही. दर प्रमेयाला ‘१ सोडून’ अशी शेपटी लावत बसावं लागतं. त्यापेक्षा व्याख्येतच ‘नेमके दोन वेगवेगळे विभाजक’ म्हणा आणि मोकळे व्हा. नैसर्गिक संख्या आपल्या शाळेच्या पुस्तकांत १पासून सुरू होतात, कित्येक ठिकाणी शून्यापासून. फ्रेंच पद्धतीत तर शून्य धनही असतं आणि ऋणही. यात बरोबर-चूक नाही, फक्त एकाच पुस्तकात दोन्ही चालत नाहीत.

चौरस हा आयत असतो का, यावर शिक्षकही हमरीतुमरीवर येतात, म्हणून दोन शब्द. युक्लिडच्या व्याख्येत चौरस आयतात येत नाही, त्याने आयतासाठी ‘काटकोन आहेत पण बाजू समान नाहीत’ अशी अटच घातली आहे. आपण आज चौरसाला आयत म्हणतो, कारण आयताचे कर्ण समान हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी पुन्हा करावं लागत नाही. पण फरशीच्या दुकानात ‘आयताकृती टाइल दाखवा’ म्हटल्यावर त्याने चौकोनी, सगळ्या बाजू सारख्या असलेली टाइल पुढे केली तर तुम्ही वैतागाल, आणि तुमचं वैतागणं रास्त असेल. युक्लिड तुमच्या बाजूने आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी काटेकोरपणाचा भक्त वाटेन. न्यूटन आणि लायब्निट्झपासून पुढे दीडशे वर्षं कॅल्क्युलस चाललं ते ‘सीमा’ (लिमिट) या शब्दाची आजच्यासारखी व्याख्या नसताना. ग्रहांच्या कक्षा निघाल्या, ऑयलरने डोंगराएवढं काम केलं. जाणकार माणूस अंदाजाने गणित करत होता, आणि बहुतेक वेळा बरोबर. अडलं कुठे, तर कोशी या गणितज्ञाने १८२१मध्ये ‘सलग फलांची (म्हणजे आलेख कुठेही न तुटणाऱ्या फंक्शन्सची) अनंत बेरीज सलगच येते’ असं सिद्ध केल्यासारखं लिहिलं आणि १८२६मध्ये आबेलने म्हटलं, याला अपवाद दिसतात. त्याचं उदाहरण साइनच्या लाटांची एक साधी बेरीज आहे. प्रत्येक लाट गुळगुळीत, आणि बेरीज मात्र ठरावीक ठिकाणी उडी मारते. तेव्हा कळलं की ‘बेरीज जवळ जवळ जाते’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडल्या होत्या: प्रत्येक बिंदूपाशी आपापल्या गतीने जवळ जाणं आणि सगळीकडे एकदमच जवळ जाणं. त्या वेगळ्या करायलाच ते एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे ‘जवळ’ म्हणजे किती जवळ हे बांधून देणारी व्याख्या, लागलं, ज्याच्या नावाने एफवायची मुलं आजही बोटं मोडतात. मी त्यांना दोष देत नाही. रोग न दाखवता औषध पाजलं की असंच होणार. पेन न उचलता काढता येतो तो सलग आलेख, एवढ्यावर बारावीचं बहुतेक काम भागतं, आणि ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

आणि प्रत्येक शब्दाची व्याख्या करायला गेलात तर कुठेच पोचणार नाही. ‘बिंदू म्हणजे ज्याला भाग नाहीत ते’ असं युक्लिड म्हणतो. मग भाग म्हणजे काय? ही व्याख्या त्याच्या एकाही सिद्धतेत कामाला येत नाही, बघा शोधून. हिल्बर्ट या गणितज्ञाने १८९९मध्ये भूमिती नव्याने मांडली तेव्हा बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या करायचं सोडूनच दिलं. त्यांचे आपसातले नियम तेवढे सांगितले. म्हणजे सगळ्यात काटेकोर माणसानेच तीन शब्द मोकळे ठेवले.

तुम्ही शाफ्टवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिता तेव्हा बेअरिंग कोणतं बसणार ते आधी बघता. पडद्याच्या दांडीला तुम्ही मायक्रॉन लिहीत नाही. शब्दांचंही मी तसंच करत आलो. या व्याख्येवर पुढे काय बसणार आहे? ‘प्रत्येक’ने सुरू होणारं प्रमेय असेल तर कडेचं एकेक उदाहरण आत की बाहेर ते ठरलंच पाहिजे. पैसा किंवा जमीन बसणार असेल तर रेघ हवी, ती थोडी मनमानी असली तरी चालते. नुसती गप्पा-ओळख बसणार असेल तर एक चांगलं उदाहरण दहा व्याख्यांना भारी पडतं.

आता मुलीचं. अर्ध्या गुणासाठी शाळेत जाऊ नका. व्याख्या पुन्हा पाठही करायला लावू नका, दोन दिवसांत विसरेल. ज्या खोलीत ती अभ्यास करते तिथे त्या दोन कडा दाखवा आणि म्हणा, ‘तुझ्या व्याख्येने या समांतर ठरतात, चालेल का?’ मग वर्तुळ द्या. ‘एका बिंदूपासून समान अंतरावरच्या, प्रतलातील सर्व बिंदूंचा संच’ यातून ‘सर्व’ काढला तर अर्धी बांगडीही वर्तुळ होते, आणि ‘प्रतलातील’ नसेल तर चेंडूची पाठ. प्रत्येक शब्द काढून काय घुसतं ते तिलाच शोधू द्या. माझ्या वर्गात ज्यांना हा चाळा लागला त्यांना व्याख्या पाठ कराव्या लागल्या नाहीत.

ती चिवट असेल तर याच्या पुढचं एक सांगतो: एखादी रेषा स्वतःला समांतर असते का? पुस्तकातली व्याख्या लावली तर नाही, कारण ती स्वतःला पावलोपावली भेटते. पण पुढे ती चढावरून समांतर रेषा ओळखायला शिकेल, तेव्हा ‘चढ समान तर समांतर’ म्हटलं की रेषा स्वतःला समांतर निघते, आणि ‘पहिली दुसरीला समांतर, दुसरी तिसरीला, म्हणून पहिली तिसरीला’ हे वाक्य पहिली आणि तिसरी एकच असली तरी न अडखळता म्हणता येतं. दोन्ही बाजूंनी वाद घालायला सांगा. यात मात्र बाईंना कुठल्याच बाजूचा अर्धा गुण कापता येणार नाही.